कागदावर तो विसरला होता

उद्या हायकोर्टात कोणते खटले निघणार याची यादी आदल्या संध्याकाळी मोबाईलवर येते. वकील तिला बोर्ड म्हणतात. चार वर्षं हुडकेश्वरच्या आमच्या घरी दिवाबत्ती झाली की मी चष्मा लावून तो बोर्ड उघडत असे. आमचा नंबर कधी बावन्न, कधी ऐंशी. कोर्ट पंचविसाव्या नंबरावर उठे आणि आम्हाला पुढची तारीख मिळे. शेजारणी त्या वेळेला मालिका बघत, मी भावाचा नंबर बघे. यादीत आमचा खटला नसला तर माझी चिडचिड होई, आणि असला तर मी तो नंबर पुन्हा पुन्हा वाचत बसे. आमचे हे एकदा म्हणाले, "अवं, तू पाह्यलं म्हून का नंबर वर येते?" मी त्यांच्यावर अशी ओरडले की त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

माझा धाकटा भाऊ खुनासाठी जन्मठेप भोगत होता. त्याने कोणावर हात उगारला नव्हता. त्याच्या वावराभोवतीच्या तारेत वीज होती आणि त्या विजेने गावातली एक बाई मेली. तिला मारायचं त्याच्या मनात होतं असं सरकारी वकीलही म्हणत नव्हते. त्यांचं म्हणणं असं की, या तारेने माणूस हमखास मरेल हे याला पक्कं ठाऊक होतं, तरी याने कोणाच्या जिवाची पर्वा केली नाही, आणि इतकी बेपर्वाई कायद्याच्या लेखी खूनच. आमचं अपील एवढंच होतं की हा खून नाही, सदोष मनुष्यवध आहे. ऐकायला शब्दांचा खेळ वाटतो. पण एका शब्दात जन्मभराचा तुरुंग आहे आणि दुसऱ्यात फार तर दहा वर्षं.

आमचं माहेर सावनेरकडचं. तिकडे रानडुकरांचा असा उच्छाद आहे की हरभरा पेरणारा माणूस रात्री झोपतच नाही. एका रात्रीत दोन एकर नांगरून ठेवतात. म्हणून लोक वावराला तार ओढून झटका मशीन लावतात. बॅटरीवर चालतं ते, डुकराला दणका बसतो, पण कोणी मरत नाही. भावाचं मशीन तीन वर्षं जुनं होतं. गावातल्या बायका ती तार लुगडं सावरून सहज ओलांडायच्या, चुकून पाय लागला तर "अगं माय" म्हणून हसायच्या. त्या हिवाळ्यात मशीन बिघडलं. सावनेरला दुरुस्तीला दिलं तर मेकॅनिक म्हणाला चार दिवस लागतील. हरभरा घाट्यावर, दाणा भरायला आलेला. भावाने मोटरच्या खोलीतून विजेची थेट लाइन काढून त्याच तारेला जोडली. चार दिवसांचाच तर प्रश्न, असं त्याला वाटलं. अंधार पडला की चालू करायची, उजाडायच्या आत बंद करायची. अशी थेट लाइन कोणी जोडली तर देवळापुढे किंवा दूध घालायला जमलेल्या लोकांत तसं सांगायची गावात रीत आहे. त्याने ते फक्त घरच्यांना सांगितलं. मी फोन केला तेव्हा मलाही सांगितलं, कारण रविवारी मी जाणार होते आणि मला वावरात भटकायची खोड आहे.

तिसऱ्या दिवशी पहाटे ती बाई पलीकडच्या वावरातून पऱ्हाटी आणायला निघाली. नळाला गरम पाणी येणारं घर नव्हतं तिचं, चुलीवर पाणी तापवायला कपाशीची वाळकी झाडं लागायची. ती आमच्या धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून गेली. नेहमीची तार, नेहमीचं ओलांडणं. भाऊ त्या रात्री माझ्याकडे जेवायला आला होता आणि मुक्कामाला राहिला होता. पहाटे पाचला तो मोटारसायकलवर निघाला. पोचला तेव्हा धुऱ्यावर लोक जमले होते, आणि मोटरच्या खोलीची किल्ली याच्या खिशात असल्यामुळे कोणी तिला हात लावू शकत नव्हतं. वीज याने बंद केली, तिला याने उचललं, आणि पोलीस येईपर्यंत तिथेच बसून राहिला.

आता माझं सांगते, कारण त्याला खुनी ठरवण्यात माझा मोठा हात आहे.

सेशन कोर्टात आमच्या वकिलाने मला साक्षीला बोलावलं. काम चिमूटभर होतं. त्या रात्री तो माझ्या घरी होता एवढं सांगायचं. वकिलाने बजावलं होतं, विचारलं तेवढंच बोला, हो किंवा नाही. पण मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई. मुलांनी नुसतं हो म्हटलं तर मी त्यांना उभं ठेवत असे. उत्तर पूर्ण वाक्यात हवं, कारणासकट हवं. सरकारी वकिलाने विचारलं, तारेत वीज आहे हे तुम्हाला माहीत होतं का? मला वाटलं हा माझ्या भावाला निष्काळजी ठरवायला निघाला आहे. माझं डोकं तापलं. मी म्हणाले, "माहा भाऊ तसा नाही जी. तो आम्हाले सगळ्यायले बजावून सांगे, थेट लाइन हाय, तिकडून जाऊ नका, मानूस मरते म्हून." सांगून वर कोर्टाकडे अभिमानाने पाहिलं. आमच्या घरात माणसाची माया अशीच मोजतात, कोणी कोणाला जपून राहा म्हटलं यावर. टायपिस्टने ते शुद्ध मराठीत घेतलं, मला वाचून दाखवलं, आणि मी झोकात सही केली. एका ठिकाणी वेलांटी चुकली होती, तीही दुरुस्त करायला लावली.

आमचे वकील खाली मान घालून कागद चाळत होते. सरकारी वकिलाने दुसरा प्रश्नच विचारला नाही.

निकालात माझ्यावर एक पूर्ण परिच्छेद होता. आरोपीच्या सख्ख्या बहिणीच्याच तोंडून सिद्ध होतं की तारेने माणूस मरतो हे त्याला माहीत होतं, त्याने आपल्या माणसांना वाचवलं आणि बाकीच्यांना मरायला मोकळं सोडलं. जन्मठेप. भावजय माझ्या शेजारी बसली होती. ती माझ्याकडे वळून बघेल, काहीतरी बोलेल, म्हणून मी वाट पाहत राहिले. ती पिशवी उचलून बाहेर गेली. त्यानंतर ती तिच्या माहेरी राहायला गेली आणि माझा फोन उचलते, पण स्वतः कधी करत नाही.

अपिलाचं काम धरमपेठेतल्या एका वयस्क वकिलांनी घेतलं. मला वाटत होतं, आता वरच्या कोर्टात मला पुन्हा उभं करतील आणि मी नीट सांगेन. किती बाळबोध समजूत. अपिलात कोणी साक्ष देत नाही. खालच्या कोर्टात जे लिहिलं गेलं त्याचं इंग्रजी भाषांतर करून एक जाडजूड पुस्तक बांधतात, आणि दोन न्यायाधीश ते पुस्तक वाचून ठरवतात. माझं वाक्य चौऱ्याऐंशीव्या पानावर होतं. इंग्रजीत तर ते आणखीच थंड वाटलं, त्यात राग नव्हता, माया नव्हती, फक्त माणूस मरतो एवढंच उरलं होतं. वकिलांनी त्याखाली पेन्सिलने रेघ ओढली.

"ताई, हे तुम्हाले विचारलं कोणी होतं?" ते म्हणाले.

"कोणीच नाही."

"हे वाक्य मी खोडू शकत नाही. त्याले माहीत होतं, हे आपल्याले कबूल करूनच चालावं लागेल. आता आपल्या हाती एकच गोष्ट आहे. कोर्टाने शेवटी तुमच्या भावाले विचारलं तेव्हा तो म्हणाला, बंद करायचं विसरलो. खालच्या कोर्टाने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मी त्याच्यावरच उभा राहणार. विसराळू माणूस निष्काळजी असेल, पण त्याले दुसऱ्याच्या जिवाची किंमत नाही असं म्हणता येत नाही."

मी घरी आले आणि दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. कारण तो विसरला नव्हता.

त्या संध्याकाळी मी आमच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर रोडग्यांचा बेत केला होता. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण, तूप. सण नव्हता की नवस नव्हता, थंडी होती आणि मला हौस होती. भाऊ आणि भावजय लाइन चालू करून, खोलीला कुलूप लावून आले होते, कारण रात्री दहापर्यंत परतायचं ठरलं होतं. जेवणं झाली आणि तो उठला. म्हणाला, "बाई, निंगतो वो आता. लाइन चालू हाय." मी म्हणाले, "एवढ्या धुक्यात गाडीवर कुठं जातं? सकाळी जाशीन." तो म्हणाला, "तसं नाही, उजाडायच्या आत बंद करा लागते." आणि मी म्हणाले, "पाचले निंग. कोन येते तिथं अशा थंडीत? डुकरं मरतीन त मरतीन." एवढं बोलून मी त्याच्या गाडीची किल्ली उचलून फ्रिजवर ठेवली. मोठ्या बहिणीचा हट्ट. त्याने फ्रिजकडे पाहिलं, मग हसला आणि बसला. मी त्याला आणखी एक रोडगा वाढला.

हे मी कोणत्याच कोर्टात बोलले नव्हते. कोणी विचारलं नाही, आणि जिथे जीभ आवरायची तिथे सुटली होती तशी जिथे सोडायची तिथे ती टाळूला चिकटली. तिसऱ्या दिवशी मी वकिलांकडे गेले आणि एका दमात सगळं सांगितलं. मला वाटलं, ते म्हणतील, ताई, हे आधी का नाही सांगितलं. दोष माझ्यावर येईल आणि त्याच्यावरचा तेवढा तरी कमी होईल.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "हे किती लोकांले माहीत आहे?"

"आम्हा चौघांना."

"चौघांतच राहू द्या."

"पण चूक माझी आहे. मी त्याला अडवलं."

"तुमची चूक कायद्यात कुठंच बसत नाही, ताई. त्याची बसते. तुम्ही काय सांगून राहिल्या ते नीट ऐका. त्याले आठवण होती. तो उठला होता. मोटरच्या खोलीची किल्ली त्याच्या खिशात होती. आणि तो झोपला. आज कागदावर तो विसरला आहे, म्हणून मले बोलायले जागा आहे. हे कागदावर आलं तर ज्याले बेपर्वाई म्हणतात, तिचा याहून चांगला पुरावा सरकारले मिळणार नाही."

"म्हणजे आपण खोटं बोलायचं?"

"कोणी काही बोलतच नाही आहे. जे लिहिलेलं आहे ते लिहिलेलं आहे." मग माझ्याकडे पाहून जरा मऊ आवाजात म्हणाले, "तुम्हाले मन मोकळं करायचं असेल तर देवाकडे करा. इथं नाही."

मी जिना उतरले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे कबूल करायला काही होतं आणि ते कोणालाच नको होतं. उलट ते घरात लपवून ठेवायची पाळी आली होती. मला स्वतःचा इतका राग आला की मी रिक्षा न करता शंकरनगरपर्यंत चालत गेले, आणि तिथे भर रस्त्यात रडले.

पुढच्या मुलाखतीला मी जेलमध्ये भावाला विचारलं. मध्ये काच, हातात फोन. "विसरलो असं काहून सांगितलंस?"

तो म्हणाला, "मंग काय सांगू? बहिनीनं राहा म्हटलं म्हून राहिलो, असं सांगू?"

"खरं तर तेच होतं."

"नाही बाई. मी का लहान लेकरू होतो? राहिलो त मीच राहिलो. मले बी झोप येऊन राहिली होती." मग त्याने आमच्या यांच्या गुडघ्याची चौकशी केली. वेळ संपल्याची शिट्टी झाली तेव्हा आम्ही गुडघ्याच्या तेलाबद्दलच बोलत होतो.

तारखांना मी एकटी नसे. मेलेल्या बाईचा नवराही येई. खटला सरकार विरुद्ध माझा भाऊ असा, त्याला तिथे कोणी बोलावलेलं नव्हतं. बायको गेल्यावर तो कन्हानला लेकीकडे राहायला गेला होता. तिथून दोन बसगाड्या बदलून येई, धुतलेला सदरा, हातात कापडी पिशवी. आधी आम्ही दोन टोकांना बसायचो. एकदा बाकावर जागाच नव्हती, तो सरकला आणि म्हणाला, "बसा बाई." माहेरच्या गावात मी सगळ्यांचीच बाई, गावाची लेक. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तो विचारी, "आज निंगन का नंबर?" आणि मी मोबाईल बघून सांगे. चार वर्षांत आमचं बोलणं याच्यापलीकडे फारसं गेलं नाही. एकदा मात्र तो आपणहून म्हणाला, "तिनं मशीन समजून पाय टाकला असन बाई. तिले मालूम असतं त ती गेली नसती." मी मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसले.

शेवटी नंबर निघाला. सुनावणी दीड दिवस चालली, सगळी इंग्रजीत. सरकारी वकील तरुण होते, चांगले बोलत होते. त्यांनी चौऱ्याऐंशीवं पान उघडायला सांगितलं आणि माझं वाक्य वाचलं. मग म्हणाले, यापेक्षा स्पष्ट काय हवं. याने आपल्यांना सावध केलं आणि गरीब मजूर बायांना नाही. मला कान झाकून घ्यावेसे वाटले, कारण तो माणूस खरं बोलत होता. मग आमचे वकील उठले. ते पुन्हा पुन्हा एकाच शब्दावर येत होते. विसरला. दोन दिवस पहाटे बंद केलीच होती, तिसऱ्या दिवशी विसरला. आठवलं तसा पाचला गाडी काढून धावला. ज्याला पर्वा नाही तो धावेल कशाला? एका न्यायाधीशांनी मान हलवली. माझ्या मनात आशा उगवली आणि त्याच क्षणी स्वतःची शिसारी आली. दोन्ही एकदम. मी उठून उभी राहिले असते आणि खरं ओरडले असते तर शिपायाने हाताला धरून बाहेर काढलं असतं, आणि भाऊ जन्मभर आत राहिला असता. मी बाकाची कड घट्ट धरून बसले.

निकाल महिनाभराने लागला. दहा मिनिटांतच संपला. खुनाचा दोष रद्द, त्याऐवजी सदोष मनुष्यवध, दहा वर्षं. त्यातली सहा झालेली. आरोपीला वीज चालू असल्याचं आठवत होतं असं दाखवणारं काहीही रेकॉर्डवर नाही, असं त्यात लिहिलं होतं. वकिलांनी माझ्याकडे पाहून हलकेच मान डोलावली आणि गाऊन सावरत दुसऱ्या कोर्टात पळाले. मला ना हसू आलं ना रडू. बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून मी भावजयीचा नंबर शोधत होते, तेवढ्यात मेलेल्या बाईचा नवरा समोर आला.

"बाई, काय सांगतलं साहेबायनं? मले इंग्रजी नाई समजत."

"शिक्षा कमी झाली," मी म्हणाले. "दहा वर्षं."

त्याने विचारलं, "काहून कमी केली?"

मी इकडेतिकडे पाहिलं. वकील नव्हते, भावजय नव्हती, हे नव्हते. "कोर्ट म्हणते, बटण बंद करायचं तो विसरला."

तो बाकावर बसला. पिशवी मांडीवर घेतली. मला वाटलं आता हा ओरडेल, आणि ओरडलाच पाहिजे. पण तो हळू आवाजात म्हणाला, "सहा वर्स मी याच इचारात हाव बाई. का त्याले मालूम होतं लाइन चालू हाय म्हून, आन् तरी तो आरामात पडून राहिला. तिची त्याले किंमतच नव्हती असं वाटे. ते मले लय खाऊन राहिलं होतं. विसरला असन त येगळी गोष्ट हाय. मानूस विसरते. मी बी गॅस चालू ठेवून जातो, लेक वरडते माह्यावर." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुमी मास्तरीन हाव, तुमी खोटं नाई सांगनार. खरंच विसरला होता ना?"

तिथे ना शपथ होती ना टायपिस्ट. मला कोणी अडवलेलं नव्हतं, आणि खरं ऐकून घ्यायचा हक्क ज्याला होता तो एकटाच माणूस माझ्यासमोर बसला होता. मी खरं सांगितलं असतं तर ते त्याने उरलेला जन्मभर सोबत घेऊन फिरायचं होतं, आणि मला मात्र हलकं वाटलं असतं.

"विसरला होता, भाऊ," मी म्हणाले.

त्याने डोळे पुसले. उठला, आणि आता बस मिळेल का म्हणून विचारू लागला. मी त्याला गेटपर्यंत घेऊन गेले आणि ऑटो थांबवला. आत बसल्यावर त्याने बाहेर हात काढला आणि माहेरच्या थोरल्या माणसाने ठेवावा तसा माझ्या डोक्यावर ठेवला. "सुखी राहा बाई," म्हणाला.